दागिना मोडावा लागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जग मायारूप असल्याविषयीचा लेख वाचला. दागिना खोटा, सोनं तेवढं खरं, आणि हीच आपल्या सर्व संतांची शिकवण आहे, असं त्यात म्हटलं आहे. भुसावळात ४६ वर्षं मी सोनार म्हणून शेगडीसमोर बसलो. दागिना खोटा म्हटलं की मला बोलावंसं वाटतं, म्हणून हे पत्र.

हा दाखला मूळचा छांदोग्य उपनिषदातला. सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचा गोळा, सोन्याचा गोळा आणि नखं काढायची नराणी अशी तीन उदाहरणं देतो. एक गोळा कळला की त्याच्या सगळ्या वस्तू कळल्या, कारण वस्तूचा आकार म्हणजे बोलण्यापुरतं नाव, असं तो सांगतो. शंकराचार्यांनी यावर आपला विचार उभा केला. पण त्यांच्याकडेही ‘मिथ्या’ म्हणजे ‘मुळात नाहीच’ असं नव्हे. सशाला शिंग नसतं, तसं जग नसलेलं नाही. ते अनुभवाला येतं, व्यवहाराला पुरतं, ब्रह्मज्ञान झाल्यावर मात्र ब्रह्माहून वेगळं म्हणून उरत नाही. लेखात एवढा खुलासा हवा होता.

आमच्या पेढीवर मोडीचा दागिना आला की हिशेब उद्दालकाचाच असायचा. वजन, टंच म्हणजे सोन्याचा कस, आणि तूट म्हणजे वितळवताना होणारी घट. घडणावळीचा एक पैसा परत मिळत नाही, मग त्या नथीवर कारागिराने आठ दिवस डोळे का फोडलेले असेनात. विकणाऱ्याला मी हे शेकडो वेळा समजावलं आहे आणि व्यवहार म्हणून ते बरोबरच आहे. पण सर्व संतांनी जगाकडे या मोडीच्या तराजूने पाहिलं, हे मला मान्य नाही.

आमच्या जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे. योगाच्या बळावर १४०० वर्षं जगलेले चांगदेव इथले, अशी श्रद्धा आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला ते बसले आणि मायन्याशीच अडले. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर पोरसवदा. शेवटी कोरा कागदच धाडला. त्याला ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचं उत्तर दिलं, ती चांगदेव पासष्टी. महाशिवरात्रीच्या यात्रेला वडील आम्हाला तिथे न्यायचे. त्यांना पासष्टी पाठ होती आणि चौथी ओवी आली की ते माझ्याकडे बघायचे, कारण ती सोन्याची आहे. सोनेपण जराही उणं न होता सोनंच लेणं झालं. तसा परमात्मा स्वतः न खर्चता अंगानेच जग झाला, असा तिचा अर्थ.

वडील म्हणायचे, “खर्च न होता, ऐकलंस ना? लक्षात ठेव.” तेव्हा मला वाटायचं, ते तुटीबद्दल बोलत आहेत.

पुढच्याच ओवीत पाणी आहे. लाटांचं वस्त्र न फेडताही पाणी उघडंच असतं. सोन्याचा दाखला छांदोग्यातलाच, पण ज्ञानदेवांनी त्याला दिलेलं वळण बघा. सोनं बघायला दागिना मुशीत घालावा लागत नाही, तो गळ्यात असतानाही आपण सोन्यालाच हात लावत असतो. ‘अमृतानुभव’ या आपल्या ग्रंथात तर त्यांनी अज्ञानाच्या खंडनासाठी सगळ्यात मोठं प्रकरण खर्ची घातलं. जग अज्ञानातून उपजलेलं नाही, ते चैतन्याचंच स्फुरण आहे. अभ्यासक याला चिद्विलास म्हणतात.

ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात संसाररूपी वृक्ष मुळात खोटा असल्याचं ज्ञानदेवांनीच विस्ताराने सांगितलं आहे, हे मला ठाऊक आहे. इतर संतांच्या अभंगांतही संसाराला फोल म्हटलेलं सापडेल. पण मग ‘सर्व संतांची हीच शिकवण’ या वाक्यात अमृतानुभव आणि पासष्टी बसवायची कुठे? माझं भांडण त्या ‘हीच’शी आहे.

कारागीर म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. दाखला पुरता जुळत नाही. चोख सोनं इतकं मऊ असतं, की त्याचा रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही. २२ कॅरेट म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोनं, बाकी तांबं आणि चांदी. सांधायला डाक लागतो, टाकणखार लागतो. ज्ञानदेवांच्या सोन्यात बाहेरचं काहीच मिसळावं लागत नाही. हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. मिसळायला दुसरी वस्तूच तिथे नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. आमच्या गल्लीत एका घरातला २२ वर्षांचा मुलगा अपघातात गेला. तेराव्याला आलेले एक गृहस्थ त्याच्या आईला समजावत होते, “ताई, जग हा भास आहे. मुलगाही भासच होता. भासासाठी रडायचं नसतं.” त्यांचा हेतू चांगला असेल. ती बाई रडायची थांबली खरी, पण तिचा चेहरा मला बघवेना. सगळे गेल्यावर तिने मला विचारलं, “काका, मग मी इतकी वर्षं ताट कुणाला वाढलं?”

त्या दिवशी मी काही न बोलता घरी आलो. चार दिवसांनी पासष्टी घेऊन गेलो, चौथी आणि पाचवी ओवी वाचली, अर्थ सांगितला. तुझा मुलगा खोटा नव्हता, एवढंच माझ्या पद्धतीने म्हणालो. तिचं दुःख त्याने कमी झालं असं मी म्हणणार नाही. तिने मला पुन्हा वाचायला लावलं आणि मग आत जाऊन चहा ठेवला. तेराव्यानंतर पहिल्यांदाच, असं तिची जाऊ म्हणाली.

लेखकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांनी शांकरमताविषयी जरूर लिहावं, पण ते शांकरमत म्हणून लिहावं. आणि आपल्याला विनंती, की पुरवणीत एकदा पूर्ण पासष्टी सोप्या अर्थासह छापावी. ६५ ओव्यांना एक पान पुरेल. अक्षर जरा मोठं ठेवा, वाचणारे बरेचसे माझ्या वयाचे असतील.

आपला,
एक निवृत्त सोनार, भुसावळ