पाद्रीबुवांचा तपास कागदांतून व्हावा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

इंग्लंडातले एखादे चर्च बंद पडायच्या बेतात आहे, गावात लागोपाठ खून पडताहेत आणि छडा लावतो तिथलाच पाद्री. अशा रहस्यकथांत वातावरण बहुधा छान जमते. घोटाळा होतो तो धाग्यादोऱ्यांत. खुनी पापनिवेदनाला, म्हणजे पाद्र्यापुढे गुपचूप पाप कबूल करायला येतो आणि पाद्रीबुवांचा अर्धा तपास तिथेच उरकतो.

कॅथलिक धर्मगुरूला ही वाट बंद आहे. धर्मसंहितेचे ९८३ वे कलम गुप्तता मोडू देत नाही, हे लेखकांना ठाऊक असते. पुढचे ९८४ वे ते विसरतात. बोभाटा होण्याची मुळीच भीती नसली, तरी ऐकलेल्या गोष्टीचा निवेदन करणाऱ्याला बाधेल असा वापर करता येत नाही. विषाची बाटली कुठल्या कपाटात आहे हे तिथे कळले, तर फादर सहज म्हणूनही त्या कपाटाकडे वळू शकत नाहीत. खरे नाट्य इथे आहे, आणि तेच वाया जाते. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्रीही मोकळा नाही. १६०३ च्या नियमावलीतली ११३ व्या नियमाची गुप्ततेची तरतूद त्याला आजही बांधते. इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यांत गुप्तहेराला योगायोगाची किंवा अनाकलनीय अंतःप्रेरणेची मदत घ्यायला मनाई आहे. पापनिवेदनातला धागा त्याच जातीची लबाडी.

दुसरी चूक हेतूची. बिशपची चिठ्ठी आली आणि सोमवारी दाराला कुलूप, असे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये घडत नाही. २०११ च्या कायद्याप्रमाणे आधी स्थानिकांचे म्हणणे ऐकतात, मग चर्च कमिशनर्स ही मध्यवर्ती संस्था बंद करण्याचा मसुदा प्रसिद्ध करते, हरकतींना किमान २८ दिवस देते. त्यानंतरही परवानगी मिळाल्यास प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीपर्यंत अपिलात जाता येते. इतक्या हातांतून जाणारी गोष्ट एका माणसाला मारून थांबत नाही. म्हणून ‘चर्च वाचवण्यासाठी खून’ हा हेतू कच्चाच.

पक्का हेतू सापडतो चांदीत. चर्चच्या चीजवस्तूंची यादी चर्चवॉर्डनकडे, म्हणजे चर्चची देखरेख करणाऱ्या स्थानिक पदाधिकाऱ्याकडे असते आणि जुना चांदीचा प्याला विकायचा तर धर्मप्रांताच्या न्यायालयाची परवानगी लागते. कुणी तो परस्पर विकून जागी मुलाम्याचा ठेवला असेल, तर चर्च चालू असेतो खपून जाते. बंद व्हायची वेळ आली की यादीबरहुकूम मोजदाद होणार. जुन्या अस्सल इंग्लिश स्टर्लिंग चांदीवर बहुधा चालत्या सिंहाचा शिक्का असतो. मुलाम्याच्या प्याल्यावर तो नसतो, आणि रोजच्या पुसण्याने कडेला आतला धातू डोकावू लागतो. वेदीपाशी रोज तो प्याला हातात धरणाऱ्या पाद्र्याइतका हे ओळखायला लायक माणूस दुसरा कोण?

आणखी एक. ४ मे २०२१ पासून तिथे विवाहाची कायदेशीर नोंद चर्चच्या वहीत होत नाही. सह्या केलेला दस्तऐवज नोंदणी कार्यालयात जातो. त्यानंतरच्या काळातली कथा असेल, तर लग्नाच्या नोंदवहीतले फाटलेले पान चालणार नाही. दफनाची वही अजून चर्चमध्येच भरली जाते. पान फाडायचेच असेल तर तिचे फाडावे.

आपला,
एक रहस्यकथावाचक