इंग्लंडचा ख्रिसमस वेगळा, अमेरिकेचा वेगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या ख्रिसमसवर पान आलं होतं, फोटो छान होते पण सगळं असं लिहिलंय की इंग्रजी बोलणारे सगळे एकाच पद्धतीने सण करतात. तसं नाहीये हो. माझी मुलगी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते आणि मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीत, लागोपाठ दोन वर्षं एकेक डिसेंबर दोघांकडे काढलाय म्हणून लिहायला बसले.

खरा फरक पडतो तो थँक्सगिव्हिंग या सणामुळे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अख्खं घर जमतं, टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) तेव्हाच होऊन जाते, मग ख्रिसमसला कुणाकडे हॅम म्हणजे डुकराचं मांस तर कुणाकडे आणखी काही. इंग्लंडमध्ये थँक्सगिव्हिंग नाही, त्यामुळे टर्की, लेकीसुना, रुसवेफुगवे सगळं त्या एका २५ तारखेवर येतं. आणि त्या दिवशी देश खरंच थांबतो. रेल्वे बंद, लंडनची ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे बंद, मोठी दुकानं तर २००४ च्या कायद्यानेच बंद. आम्हाला त्या दिवशी भाच्याकडे लंडनला जायचं होतं, ट्रेनच नाही हे आदल्या रात्री कळलं, आपल्याकडे लक्ष्मीपूजनालाही लोकल धावते त्यामुळे हे मनातच आलं नव्हतं.

शेजारच्या बाईंना कळलं तर म्हणाल्या आमच्याकडेच जेवायला या. ऐंशीच्या पुढच्या आहेत. प्रत्येक ताटापाशी क्रॅकर ठेवलेला, म्हणजे फटाका नाही, पुठ्ठ्याची नळी चकचकीत कागदात चॉकलेटसारखी गुंडाळलेली, दोघांनी दोन टोकं धरून ओढायची, फट् करून आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने १८४० च्या दशकात ही पद्धत काढली. बाईंनी जांभळा मुकुट घालूनच सगळ्यांना वाढलं, आणि तीन वाजता राजाचं भाषण लागलं (१९३२ ला रेडिओवर सुरू झालेली प्रथा आहे ही) तेव्हाही मुकुट डोक्यावरच. मग दिवे घालवले, पुडिंगवर गरम ब्रँडी ओतून पेटवली, कापूर पेटवल्यावर येते तशी निळसर ज्योत, सगळे गप्प. शाकाहारी लोकांनी मात्र विचारून खावं, जुन्या रीतीच्या पुडिंगमध्ये आणि मिन्स पायमध्ये (सुक्यामेव्याचं गोड सारण भरलेला छोटा पाय) सूट म्हणजे गुराची चरबी असते, व्हेजही मिळतं दुकानात. बाईंनी चष्मा लावून खोक्यावरचं सगळं वाचून दाखवलं तेव्हाच मी घेतलं, ते मी विसरणार नाही.

मुलाकडे क्रॅकर म्हटल्यावर शेजाऱ्यांना वाटलं बिस्किटंच. तिथे हौस सगळी घराबाहेर, छपरापासून झाडांपर्यंत दिव्यांच्या माळा, आम्ही रात्री गाडी काढून नुसते गल्ल्या बघत फिरलो. नातवाने सँटासाठी दूध आणि कुकीज ठेवल्या, लेकीकडे नातीने ठेवला होता मिन्स पाय आणि शेरी या वाइनचा छोटा ग्लास. दुकानात ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणतात, कारण ज्यूंचा हानुका हा सणही त्याच सुमारास येतो. आणि २६ ला सकाळी मुलगा डबा घेऊन ऑफिसला! तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते.

इंग्लंडमध्ये २६ ला बॉक्सिंग डे, १८७१ पासून बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. आपल्याला हे नाव मेलबर्नच्या टेस्टमुळे माहीत असतं. पूर्वी नोकरांना, पोस्टमनला वर्षाची बक्षिसी द्यायचे त्या पेटीवरून नाव पडलं असं सांगतात, म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच की! मराठी वाचकाला एवढं सांगितलं असतं तरी पटकन कळलं असतं, पण तुमच्या पानात बॉक्सिंग डेचं नावही नाही. स्कॉटलंड तर आणखी वेगळं, तिथे १९५८ पर्यंत ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टीच नव्हती, त्यांचा मोठा सण ३१ डिसेंबरचा हॉगमनी.

पुढच्या डिसेंबरात पान काढाल तेव्हा दोन देशांचं वेगवेगळं लिहा. आणि इंग्लंडमध्ये २५ ला ट्रेन नसते हे ठळक छापा, इथून कितीतरी आईवडील त्याच दिवसांत जातात.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली