हंगामी कामाच्या अटी कागदावर हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी हंगामासाठी जंगलातील पर्यटक निवासांवर कामाला मुले हवीत, असे निरोप आमच्या यावल तालुक्यात सध्या पुन्हा येऊ लागले आहेत. गेल्या वर्षी असाच निरोप ऐकून आम्ही पाच जण भुसावळहून मध्य प्रदेशातील सोहागपूरला गेलो आणि सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवर, देनवा नदीकाठच्या एका निवासावर एप्रिल ते जून असे तीन महिने काम केले. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

ते काम मला मनापासून आवडले, हे आधी सांगतो. पहाटे चार वाजता उठून पाहुण्यांना चहा द्यायचा, सफारीच्या न्याहारीचे डबे भरायचे आणि उजाडण्याआधी त्यांना नावेपर्यंत पोहोचवायचे, असा दिवस सुरू होई. देनवेचे हे पाणी तवा धरणाचा फुगवटा असल्याने उन्हाळ्यात ते मागे सरकत जाते. त्यामुळे नावेचा धक्का आम्हाला पुन्हा पुन्हा खाली न्यावा लागे आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवले की तेथे चितळ व गवे चरायला उतरत. त्याच पाण्यात मगरीही असतात. म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या जीवरक्षक जाकिटाचे पट्टे स्वतः तपासण्याची जी सवय मला तेथे लागली, ती मी फार मोलाची मानतो.

मात्र कामाच्या अटी सगळ्या तोंडी होत्या. पगार हंगाम संपल्यावर एकदम मिळेल, हे आम्हाला तेथे पोहोचल्यावर कळले. राहण्याची खोली पत्र्याची होती आणि त्याबद्दल विचारले असता, तुम्ही जळगावकडची माणसे, तुम्हाला उन्हाची सवय असेल, असे उत्तर मिळाले. खानदेशात आम्ही पंचेचाळीस अंशांचे ऊन सोसतो हे खरे, परंतु दुपारी कडुनिंबाखाली टेकायची मुभा आम्हाला घरी असते. तेथे बुधवारी दुपारची सफारी बंद असते, तेवढीच उसंत. मे महिन्यात आमच्यातील एकाला रात्री विंचू चावला, तेव्हा निवासाची एकमेव गाडी पाहुण्यांना आणायला गेली होती. वीसेक किलोमीटरवरच्या सोहागपूरला त्याला न्यायला दोन तास लागले. तो बरा झाला, पण ते दोन तास मी विसरू शकत नाही.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या कक्षेतील आस्थापनांना प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो. असा कागद मागायचा असतो हे आम्हाला आधी सुचले असते, तर गाडीत बसण्यापूर्वीच आम्ही तो मागितला असता.

यंदा जाणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे की पगाराची तारीख, साप्ताहिक सुट्टी आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात नेण्याची सोय या तिन्ही गोष्टी नियुक्तिपत्रात लिहून घ्याव्यात आणि त्या पत्राची एक प्रत घरी ठेवून जावे. मुलांना अशा कामावर पाठवणाऱ्या आपल्या भागातील महाविद्यालयांनीही हे नियुक्तिपत्र पाहिल्याशिवाय कोणाचे नाव पुढे कळवू नये, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव