दादानू, तुम्ही मॉनिटर माझ्याकडे फिरवलात

दादा, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण माझा बंद पडलेला पीसी दुरुस्त केलात, त्याचे आभार मात्र सगळ्यांसमोर मानायचेत.

बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट होत असताना लाईट गेली आणि माझा डीटीपीचा (छपाईची पानं जुळवायचा) पीसी जो बंद पडला तो पडलाच, पंखे फिरतायत पण स्क्रीन काळी, आणि ऐन लग्नसराईत पत्रिकांची कामं अडकलेली. तुमच्याआधी जिथे नेला तिथे बायोस ज्यात असतो त्या चिपला वाचायची क्लिप लावली, चिप एकदा ओळखली एकदा नाही, की लगेच निकाल, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. आता नवीन बोर्ड म्हणजे प्रोसेसर नवीन, रॅमसुद्धा नवीन. नक्की काय झालंय विचारलं तर म्हणे घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा, त्यांना समजावतो. अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

मग कणकवलीत तुमच्याकडे आले. तुम्ही चिप दोनदा वाचलीत आणि काही न बोलता मॉनिटर माझ्याकडे फिरवलात. "ह्या बघ बाय, चिप एकच, पण दोनदा वाचलंय तर दोनदा येगळा येता. जुळल्याशिवाय मी काय एक लिवचंय नाय." दोन्ही फाईलींचे चेकसम (फाईल तंतोतंत तीच आहे का ते तपासायचे आकडे) एकाखाली एक होते, मला स्वतःला दिसत होतं की जुळत नाहीयेत. दादा, मला काउंटरच्या आत बोलावून असं कोणी दाखवलंच नव्हतं हो. पीसी सुरू झाला त्यापेक्षा मला त्याचंच जास्त वाटलं, खरं सांगते.

मोबाईलच्या टॉर्चमध्ये चिपच्या पायांवरची हिरवट पूड पण दाखवलीत, खाऱ्या हवेची. ब्रशने साफ केलंत, वायरी आखूड केल्यात, तरी वाचन डळमळीतच, कारण क्लिपमधून जाणारी ३.३ व्होल्टची वीज एकट्या चिपला मिळत नाही, बाकीचा बोर्ड पण त्यातली ओढतो. शेवटी हॉट एअरने, म्हणजे गरम हवेने डाग वितळवून, चिप काढून एकटीच वाचलीत आणि आकडे जुळले, मगच बायोस लिहिलंत. आधीच्यांनी एवढं तरी करून बघायचं होतं ना! चिपमधून वाचलेली ती जुनी फाईल पण पेनड्राईव्हवर दिलीत, का तर ह्या बोर्डाचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) नि सिरीयल नंबर त्यातच आहे.

गावाकडे चांगला कारागीर मिळत नाही म्हणतात. मिळतो हो, फक्त दुकानाच्या पाटीवर मोठं नाव नसतं आणि तो समोरच्याला अडाणी समजत नाही. पैसे पण तुम्ही सांगितले तेवढेच घेतलेत, वर एक रुपया नाही.

चतुर्थीला मालवणला घरी या, वहिनींना पण आणा. आणि तुमचं बिलबुक संपत आलेलं मी बघितलंय, पुढचं मी डिझाईन करून छापून देणार, नाही म्हणायचं नाही.