बिलाला आवक क्रमांक द्या : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना एका लहान कंत्राटदाराचे खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
(प्रत माहितीसाठी : मा. वित्तमंत्री)

महोदय,
स.न.वि.वि.

मी मराठवाड्यातला नोंदणीकृत शासकीय कंत्राटदार. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नाव नोंदवून या धंद्यात आलो. ग्रामीण रस्ते, नळकांडी मोऱ्या, शाळाखोल्या, संरक्षक भिंती अशी काही लाखांची कामे करतो. पत्राचा मायना पाहून हे थकबाकीचे रडगाणे असणार, असे आपल्या कार्यालयाला वाटेल. थकबाकीवर बोलून झाले आहे; आमच्या संघटनांनी २०२५ मध्ये ८९ हजार कोटींचा आकडाही सांगून झाला. माझी तक्रार त्याच्या एक पायरी अलीकडची आहे. आमची बिले कागदावर थकतच नाहीत, कारण कागदावर ती जन्मालाच येत नाहीत.

काम झाले की कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत मापे चढवतो, उपअभियंता तपासतो. पुढे बिल होऊन ते विभागात जायला हवे. तिथे लेखा शाखेत ठरलेले उत्तर मिळते, "बीडीएस पडू द्या, मग बिल करू." बीडीएस ही निधीवाटपाची सरकारी संगणक प्रणाली; म्हणजे तिच्यावर निधी येईपर्यंत बिलच नाही. निधी येतो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तोही मागणीच्या तुकड्याएवढा. मग ३१ मार्चच्या रात्री कार्यालयातले सगळे दिवे चालू, प्रिंटर तापलेला, आणि बिलावर तारीख त्याच दिवसाची. काम आदल्या मे महिन्यात संपलेले असते. सरकारी नोंदीत मात्र उशीर फार तर आठवडाभराचा. मधल्या काळात मी दिलेल्या अर्जांवर पोच मागितली, तर "साहेब दौऱ्यावर आहेत, ठेवून जा" एवढेच.

ही पोच क्षुल्लक वाटेल, पण सगळे तिच्यावरच अडलेले आहे. पैसे कधी द्यायचे हे करारात ठरलेले नसेल, तर केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी दावा करायला मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत, आणि ती काम पूर्ण झाल्या दिवसापासून मोजली जातात. बिल कधी झाले, निधी कधी आला, याच्याशी त्या तीन वर्षांना देणेघेणे नाही. मुदत संपण्याआधी देणे लागते असे विभागाने सहीनिशी लिहून दिले, तर ती नव्याने सुरू होते. पण तसे लिहून कोण देतो? "पुढच्या मार्चला नक्की" असे तोंडी ऐकत दोन मार्च जातात. दाव्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यायची ती वेगळीच. वकिलाकडे फाइल नेली की तो पहिला प्रश्न विचारतो, मागणी केल्याचा आवक शिक्का कुठे आहे?

आता माझ्यावर चालणाऱ्या मुदती बघा. एका शाळेच्या आवारात मी पेव्हर ब्लॉक बसवले. ब्लॉक जवळच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्याचे, मालकाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ४३बी(एच) आले. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईन त्याच वर्षी धरता येतो. वर्षअखेरीला ब्लॉकवाल्याचे देणे राहिले, की हाती न आलेल्या नफ्यावर मला कर भरावा लागतो. तरतूद वाईट नाही. त्या कारखानदाराच्या घरीही चूल पेटायची असते. पण हाच नियम सरकारला लागत नाही, कारण सरकार आयकर भरत नाही.

जीएसटीचेही तसेच. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, व्याजासह परत करायचे. सिमेंट, खडी, पाइप यांची बिले मी कशातून भागवणार? तुमच्याच बिलातून. २०२२ च्या जुलैत सरकारी कामांवरचा दर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, तेव्हापासून अडकणारी रक्कमही वाढली. बँकेचा हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. पीएफ दर महिन्याच्या १५ तारखेला. आणि जेव्हा केव्हा बिल निघते, तेव्हा त्यातून आयकराचा टीडीएस, जीएसटीचा दोन टक्के टीडीएस, एक टक्का कामगार उपकर, सुरक्षा अनामत हे सगळे आधीच कापलेले असते. खडीची वाहतूक पावती क्रशरवाल्याने दिली नाही, तर ब्रासला ६०० रुपयांप्रमाणे स्वामित्वधनही (रॉयल्टी) माझ्याच बिलातून जाते. कपातीला विभाग कधीच उशीर करत नाही, हे मान्य करायला हवे.

"तुमच्यासाठी एमएसएमई कायदा आहे की," असे मला एका जबाबदार अधिकाऱ्याने सांगितले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा हा कायदा आहे खरा. २००६ चा कायदा ४५ दिवसांची कमाल मुदत घालतो, आणि ती चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देतो. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये म्हटले की वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बांधकामासारखे कामाचे कंत्राट, या कायद्याखाली येत नाही. परिणाम असा की शाळेला बाके पुरवणाऱ्याला या कायद्याचे दार उघडे, आणि ती बाके जिथे ठेवली ती खोली बांधणाऱ्याला बंद. न्यायालयाला दोष देत नाही. कायद्याचे शब्द जसे आहेत तसा त्याने अर्थ लावला. ते बदलायला संसद लागेल आणि राज्याने तशी शिफारस करायला हवी.

उरला आमचा बी-१ करारनामा, म्हणजे खात्याचा ठरावीक छापील करार. त्याचे कलम २ सांगते की माझ्याकडून उशीर झाला तर दिवसामागे अंदाजपत्रकाच्या एक टक्क्यापर्यंत, एकूण दहा टक्क्यांच्या मर्यादेत दंड. विभागाने पैसे उशिरा दिले तर व्याज, असे कलम माझ्या एकाही करारात नव्हते. वाद झाला तर कलम ३० प्रमाणे अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केले की हे लवादाचे कलम नव्हे. म्हणजे ज्या खात्याशी भांडण, त्याच खात्याचा अधिकारी निवाडा करणार. तो पटला नाही तर दिवाणी न्यायालय. चार लाखांच्या अंतिम बिलासाठी तिथे जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पुढची निविदा भरायची असतेच ना.

आणि दोषदायित्व, म्हणजे काम झाल्यावरही ठरावीक काळ त्यातले दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी. एका मोरीचा भराव गेल्या पावसात एका बाजूने खचला. विभागाची नोटीस आली, सात दिवसांत दुरुस्त करा, अन्यथा अनामत जप्त. त्या नोटिशीला जावक क्रमांक होता, तारीख होती, तिची प्रत वरिष्ठांना होती. भराव मी दुरुस्त केला, ते माझे कामच आहे. पण त्याच मोरीचे अंतिम बिल तेव्हा झालेलेच नव्हते.

आमच्यात सगळे साव आहेत असे म्हणत नाही. तीस टक्के कमी दराने निविदा भरून नंतर डांबरात हात मारणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे "ठेकेदार" म्हटले की लोक तोंड वाकडे करतात. कमी दरावर जादा अनामत घ्यायची अट योग्यच आहे, ती सैल करू नका. मात्र वर्षभर पैसे अडकले तरी तग धरतो कोण? ज्याचा पाठीराखा मोठा तो. नीट काम करणारा लहान माणूस आधी बाहेर पडतो आणि सबकंत्राटदार होऊन त्याच मोठ्याकडे राबतो. मग विभागाच्या दप्तरी त्याचे नावही राहत नाही.

निविदा आपण महाटेंडर्सवर ऑनलाइन घेता. वेळ संपली की पोर्टल बंद, कोणाची गय नाही. तसेच बिलही कंत्राटदारालाच ऑनलाइन दाखल करू द्या. दाखल होताच त्याला क्रमांक व तारीख मिळावी, मापे तपासायला ठरलेली मुदत असावी, आणि मान्य झालेली रक्कम विभागाने देणे म्हणून लेखी कबूल करावी, निधी असो वा नसो. मान्य बिलांची यादी विभागाच्या संकेतस्थळावर तारखेच्या क्रमाने लावा आणि निधी त्याच क्रमाने वाटा. मार्चमध्ये कोणाचे बिल कोणाच्या फोनवर पुढे सरकले, हे मग आपोआप दिसेल. बी-१ मध्ये साठ दिवसांनंतर साध्या व्याजाचे एक कलम आणि लहान कामांच्या वादासाठी खात्याबाहेरचा एक निवाडा अधिकारी, हे त्यानंतरचे. त्यासाठी वित्त आणि विधी विभागांत फाइल फिरेल, वेळ लागेल, हे समजते.

पण आवक क्रमांकाला तिजोरीतला एक रुपयाही लागत नाही आणि विधेयकही लागत नाही. आपल्या विभागाचे एक परिपत्रक पुरते. ते येत्या पावसाळ्याची कामे मोजली जाण्याआधी काढावे, ही विनंती.

आपला,
एक नोंदणीकृत शासकीय कंत्राटदार