इंदूरला ये, पण आत्ता नको

चि. अद्वैत,
अनेक आशीर्वाद.

कंपनीकडे फुल रिमोट, म्हणजे कायमचं घरून काम, मागून पुण्याहून इंदूरला येतो म्हणालास, भाडं वाचेल, घरचं खायला मिळेल, बाबा तर लगेच वरच्या खोलीला टेबल बघायला निघाले. मला तू घरी हवाच आहेस रे, पण नोकरीला लागून अजून वर्षसुद्धा नाही झालं.

दिवाळीत तू इथून काम करत होतास ना तेव्हा बघत होते मी. एवढीशी अडचण, पण सीनियरला मेसेज टाकू की नको यातच तुझा तास जायचा, टाकला की तो मीटिंगमधे, मग तू आपला एकटाच गूगल करत बसलेला. मी बँकेच्या सियागंज ब्रँचला नवीन होते तेव्हा बसवून कुणीच काही शिकवलं नाही, संध्याकाळी कॅश जुळली नाही की हेड कॅशियर आधी कुठे बघतात, चिडलेल्या व्यापाऱ्याला मॅनेजर कसे गुंडाळतात, सगळं शेजारच्या खुर्चीवर बसून कानावर पडलं. ट्रेनिंगचं पुस्तक होतं म्हणा, कुणी उघडलं असेल तर शपथ.

आणि हे फक्त माझंच जुनं पुराण नाहीये. एमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलेस या तिघी अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचे सॉफ्टवेअर इंजिनिअर बघितले, तर टीमच्या जवळ बसणाऱ्यांना कोडवर जास्त फीडबॅक मिळायचा, त्यातही नवीन पोरांना जास्त. गंमत म्हणजे त्यापायी सीनियर लोकांचं स्वतःचं काम मागे पडायचं. तुझा सीनियर घरून एवढा खूश का, कळलं ना!

रोज जा असं नाही म्हणत, पुण्याचं ट्रॅफिक मला माहितीये. चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास बुकिंगच्या कंपनीत सोळाशेवर लोकांवर प्रयोग झाला, 2024 मधे 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलाय, आठवड्यात 2 दिवस घरून दिले तर प्रमोशनवर काही फरक नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले. पण बाकी 3 दिवस ते ऑफिसात येत होते हे विसरू नकोस, तुम्ही पोरं अर्धंच वाचता.

तर एचआरला मेल टाकू नकोस अजून. 3 दिवस जा, पण सीनियर येतो तेच दिवस धर, नाहीतर रिकाम्या ऑफिसात हेडफोन लावून मीटिंगा करशील, त्यापेक्षा रूम बरी. कामात हात बसला की ये खुशाल, इथे सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आहेतच. सीनियरचे वार विचारून कळव.

तुझी आई