बांध गावाच्या हाती द्या

मा. संपादक महोदय,

गोव्यात खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की आपण आमदाराकडे धाव घेतो, मग खात्याकडे. निविदा निघेपर्यंत पेरणीचा हंगाम हातचा गेलेला असतो. अशा वेळी मला रशियन अराज्यवादी विचारवंत पीटर क्रोपोत्किन आठवतात. त्यांच्याविषयी आपल्याकडे फारच कमी लिहिले जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

1842 साली मॉस्कोत सरदार घराण्यात जन्मलेला हा माणूस तरुण लष्करी अधिकारी म्हणून सायबेरियात गेला. राजधानीतून येणारे हुकूम तिथे निरुपयोगी ठरतात आणि साधी माणसे आपापसांत ठरवून अवघड कामे पार पाडतात, हे त्याने पाहिले. प्राण्यांमध्येही जीवघेण्या स्पर्धेपेक्षा एकमेकांच्या आधाराने तगणारे कळपच त्याला अधिक दिसले. यातूनच 1902 चा 'म्युच्युअल एड' (परस्पर साहाय्य) हा ग्रंथ उभा राहिला. राज्यसत्तेवाचून समाज चालू शकतो, या विचारापायी त्यांनी रशियात आणि फ्रान्समध्ये तुरुंग भोगला. क्रांतीनंतर मायदेशी परतल्यावरही ते गप्प बसले नाहीत. ओलीस धरण्याच्या प्रथेविरुद्ध 1920 मध्ये त्यांनी थेट लेनिनना पत्र लिहिले. केवढे हे धैर्य!

त्या ग्रंथात गावसमाजांवर त्यांनी भरभरून लिहिले आहे. ते वाचताना आपली गावकारी, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था, डोळ्यांपुढे येते. पोर्तुगीज येण्याआधीपासून ती बांध आणि मानशी (पाण्याची ये-जा रोखणारी बांधातली दारे) सांभाळत होती आणि 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगीजांना तिचे रिवाज नोंदवून घ्यावे लागले. मात्र तिचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. गावकाराचा हक्क वंशाने पुरुषांकडेच जाई. स्त्रिया आणि राबणारी कुळे बाहेर राहिली. म्हणून 1964 चा कूळ कायदा हवाच होता. पण त्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि कित्येक ठिकाणी मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काच्या लिलावापुढे शेतीची काळजी मागे पडली. मासळीसाठी खारे पाणी आत घेतले जाते आणि शेते पडीक होतात.

क्रोपोत्किन यांना अपेक्षित होता तो जन्माची अट नसलेला, सर्वांनी राजीखुशीने केलेला करार. खाजनावर पोट असलेल्या प्रत्येकाला, मग तो कूळ असो, मासेमार असो वा मजूर बाई, बांधाच्या निर्णयात समान मत मिळावे. लिलावाचा पैसा आधी बांधावर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब उघड्यावर वाचला जावा. येत्या ग्रामसभांत हा ठराव कोणी तरी मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, माशेल